भोजला मंडीतला एक दिवस

सकाळी ६
नोव्हेंबर. झाशीच्या भोजला गल्ला मंडीबाहेर भुईमुगाच्या ट्रॉल्यांची रांग लागली आहे. एका शेतकरी उत्पादक कंपनीसाठी काम करणारा मी रांगेतल्या प्रत्येकाला विचारतो, ‘सरकारी खरेदीची नोंदणी झाली का?’ नोंदणीला खतौनी लागते, म्हणजे आपला सातबारा. जमीन आजोबांच्याच नावावर राहिली असेल किंवा बटाईने केली असेल, तर गाडी तिथेच अडते.

सकाळी १०
लिलाव सुरू. व्यापारी ढिगात कोपरापर्यंत हात घालून तळाच्या शेंगा काढतो, कानाशी खुळखुळवतो, दोन फोडून दाणा दाताखाली धरतो. ‘ओल आहे’, एवढं म्हटलं की भाव उतरतो. २०२५-२६ च्या खरिपासाठी भुईमुगाचा हमीभाव क्विंटलला ७,२६३ रुपये. बोली त्याच्या बरीच खाली थांबते.

दुपारी १२
मोंठकडचे एक वयस्क शेतकरी माल देऊन टाकतात. ‘कक्का, सरकारी खरेदीला थांबला असतात तर?’ मी विचारतो. ‘बेटा, पैसे महिन्याने आले तर गहू काय महिन्याने पेरू?’
सगळं दुखणं या प्रश्नात आहे. इथे खरीप विकायची आणि रब्बी पेरायची वेळ एकच. भाव कमी आहे हे त्यांना ठाऊक असतं आणि त्यांना थांबता येत नाही हे व्यापाऱ्याला.

दुपारी २
काट्यावरून निघालेली रोकड तासाभरात खताच्या रांगेत पोचते. डीएपीची गोणी १,३५० रुपये, तीही मिळाली तर.

दुपारी ४
बबीना भागात जातो. परासई-सिंध पाणलोटात २०११ नंतर शास्त्रज्ञ आणि गावकऱ्यांनी बंधारे बांधले, जुनी हवेली दुरुस्त केली. हवेली म्हणजे पावसाचं पाणी शेतात अडवण्याची बुंदेलखंडी रीत. विहिरींना पाणी आलं, रब्बी वाढली. झाशीत १९६२ पासून चारा संशोधन संस्था आहे, २०१४ पासून केंद्रीय कृषी विद्यापीठ आहे. ज्ञानाची इथे वाण नाही. २००९ मध्ये बुंदेलखंडाला ७,२६६ कोटींचं पॅकेजही मिळालं. त्यातून बंधारे, विहिरी आणि मोठमोठी बाजार आवारं उभी राहिली. पण आवार बांधलं म्हणजे शेतकऱ्याची सौदा करण्याची ताकद वाढत नाही.

रात्री ९
गावात माणसं काठी-बॅटरी घेऊन शेतावर निघतात. ‘अन्ना’ म्हणजे मोकाट सोडलेली गुरं कोवळी रब्बी फस्त करतात. दिवसभर मंडीत उभा राहिलेला माणूस रात्री राखणीला जागतो. या श्रमाचा मोबदला कुठल्याच बोलीत धरलेला नसतो.

रात्री १०
दिवसाचे सौदे वहीत उतरवताना कक्कांचा प्रश्न पुन्हा आठवतो. महाराष्ट्रात पणन मंडळ १९९०-९१ पासून शेतमाल तारण कर्ज योजना चालवतं. माल बाजार समितीच्या गोदामात ठेवायचा, त्यावर कर्ज उचलायचं, पेरणी उरकायची आणि भाव पाहून विकायचं. तिकडेही ती सगळ्यांपर्यंत पोचलेली नाही, पण वाट बरोबर आहे. भोजल्यात कापणीच्या दिवसांत असं कर्ज दोन दिवसांत हातात पडलं पाहिजे, आणि बटाईदारालाही मिळालं पाहिजे. धोरण आखणाऱ्यांना सांगणं एवढंच: हमीभाव जाहीर करता, तर तो मिळेपर्यंत थांबण्याचं बळही शेतकऱ्याला द्या.