भाडे भरणारा घुसखोर कसा?

जॉन ग्रिशॅम यांची ‘द स्ट्रीट लॉयर’ ही कादंबरी १९९८ साली प्रसिद्ध झाली. कोर्टकचेरीचा थरार म्हणून आम्ही ती हाती घेतली आणि अडकलो एका गोदामाच्या भाड्यात!

वॉशिंग्टन शहरातल्या बड्या वकिली कंपनीत एक बेघर माणूस शिरतो, वकिलांना ओलीस धरतो. गरिबांना घराबाहेर कोणी काढले, असे तो विचारतो. पोलिसांची गोळी त्याला संपवते. त्या वकिलांपैकी मायकेल ब्रॉक मात्र खोलात शिरतो. गोदामात राहणारी माणसे दरमहा रोख भाडे देत होती. म्हणजे कायद्याने भाडेकरू. नोटीस मिळणे हा त्यांचा हक्क. हे ठाऊक असूनही कंपनीच्या वकिलाने त्यांना घुसखोर ठरवून भर थंडीत हाकलले. त्यातली एक आई चार लेकरांना घेऊन मोटारीत झोपली. उबेसाठी इंजिन चालू होते. धुराने पाचही जण गेले. इथे आम्ही पुस्तक मिटून ठेवले.

ब्रॉक प्रकरणाची फाईल चोरतो. चोरी ती चोरीच. त्याची सनद नऊ महिने निलंबित होते. लेखकाने त्याला मोकळा सोडला नाही, हे आम्हाला पटले.

ही झाली कादंबरी. मुंबईत १९८१ साली भर पावसाळ्यात फुटपाथवरच्या झोपड्या हटवण्याचा खराच हुकूम निघाला होता. ओल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली उपजीविकेचा हक्क कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्कात धरला. फुटपाथवर राहण्याचा हक्क मात्र दिला नाही. दिली ती मुदत, ३१ ऑक्टोबरपर्यंत, पाऊस सरून महिना होईपर्यंतची.