पाण्यावरची वीट आणि २६४ धोंड्याचे महिने

आजच्या भट्टीतली एक वीट घ्या. १९ सेंटिमीटर लांब, ९ रुंद, ९ उंच. तिचं आकारमान १,५३९ घन सेंटिमीटर आणि वजन तीन किलोच्या आसपास. बादलीत सोडली की ती सरळ तळाला जाते. तेवढ्याच मापाची वीट पाण्यावर तरंगवायची असेल, तर तिचं वजन १,५३९ ग्रॅमच्या आत आणावं लागेल, म्हणजे जवळजवळ निम्म्यावर. अशा विटा बीड जिल्ह्यात आहेत. त्या ना कुठल्या प्रयोगशाळेत आहेत, ना संग्रहालयात. माजलगाव तालुक्यात गोदाकाठी पुरुषोत्तमपुरी नावाचं गाव आहे, तिथल्या देवळाच्या त्या विटा.

आमचं दिंद्रुडही याच तालुक्यातलं. दिंद्रुडहून परळीकडे निघालं की वैजनाथ, आणि उत्तरेला निघालं की गंगा. आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात. वैजनाथाला बाराही महिने गर्दी. पुरुषोत्तमपुरीचा काळ मात्र वेगळा, तिथली मोठी रीघ अधिक महिन्यात, म्हणजे धोंड्याच्या महिन्यात. त्या महिन्याचा हिशेब पुढे येईलच, आधी विटेचं सांगून घेतो.

वीट हलकी करण्याची युक्ती ऐकायला सोपी आहे. मातीत भुशासारखं जळून जाणारं काहीतरी मळायचं. भट्टीत ते जळतं आणि त्याच्या जागी पोकळी राहते. खरी कसोटी पुढे आहे. पोकळ्या एकमेकींना जोडल्या गेल्या तर वीट पाणी पिऊन बुडते, आणि फार झाल्या तर वरच्या थराच्या भारानं ती चुरते. तरंगेल इतकी हलकी आणि शिखर पेलेल इतकी टणक, या दोन टोकांमधली जागा फार चिंचोळी आहे. ती जागा ज्यांना हाताच्या अंदाजानं सापडली, त्या वीटकऱ्यांची नावं कुठेच कोरलेली नाहीत. विटेमागे दीड किलो वाचतो असं धरा. दहा हजार विटांना १५ टन वाचले, म्हणजे सोयाबीनची क्विंटलभराची १५० पोती देवाच्या डोक्यावरून उतरली. काळ्या मातीच्या मुलखात, जिथं जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, तिथं पायावरचा एवढा भार कमी होणं ही मोठी गोष्ट आहे.

अशाच विटांचं शिखर तेलंगणात मुलुगू जिल्ह्यातल्या पालमपेटच्या रामप्पा मंदिरावर आहे. ते १२१३चं, काकतीयांच्या काळातलं. २०२१ साली युनेस्कोनं त्याला जागतिक वारशात घेतलं आणि त्या हलक्या विटा जगभर गाजल्या. काकतीय आणि पुरुषोत्तमपुरी ज्यांच्या राज्यात होती ते देवगिरीचे यादव शेजारी होते, वैरीही होते. वैऱ्यांच्या दोन राज्यांत एकच कारागिरी दिसते, याचं मला फार अप्रूप वाटतं.

पुरुषोत्तमपुरीची दुसरी ठेव तांब्याची. रामचंद्र यादवाच्या काळातला इथला ताम्रपट शके १२३२चा, म्हणजे इसवी सन १३१०चा. महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी तो वाचून प्रसिद्ध केला. राजाचा मंत्री पुरुषोत्तम, त्यानं ब्राह्मणांना अग्रहार दिला आणि अग्रहाराला नाव मिळालं पुरुषोत्तमपुरी. वर्षाकडे नीट पाहा. १२९६ला अल्लाउद्दीन खिलजीनं देवगिरी लुटली होती. पुढे मलिक काफूरनं रामचंद्राला दिल्लीला नेलं, आणि तो खंडणी कबूल करून परतला होता. ताम्रपटानंतर सात-आठ वर्षांत यादवांचं राज्यच संपलं. राज्य जायच्या उंबरठ्यावर असताना एक मंत्री गंगेकाठी गाव वसवतो. राज्य गेलं, पण गाव आहे आणि नावही तेच आहे.

आता महिन्याचा हिशेब. सूर्याचं वर्ष ३६५ दिवसांचं, चंद्राच्या बारा महिन्यांचं ३५४चं. दर वर्षी सुमारे ११ दिवसांची तूट पडते. ती साठत साठत महिनाभराची झाली की पंचांगात एक महिना वाढवतात. जुना हिशेब असा, की ३२ महिने, १६ दिवस आणि ४ घटिका गेल्या की अधिक मास. १९ वर्षांत असे ७ महिने येतात. १९ सौर वर्षं आणि चंद्राचे २३५ महिने यांत फरक उरतो जेमतेम दोन तासांचा. म्हणून २००७ साली अधिक ज्येष्ठ १७ मे ते १५ जून होता आणि बरोबर १९ वर्षांनी, २०२६ सालीही अधिक ज्येष्ठ १७ मे ते १५ जूनच.

हा हिशेब ताम्रपटापासून लावून पाहू. १३१० ते २०२६ ही ७१६ वर्षं. त्यांत अधिक महिने आले सुमारे २६४. ते सलग मांडले तर २१ वर्षांहून जास्त भरतात. आणि ते कुणी मोजलेच नसते तर? आपले सण २१ वेळा सगळ्या ऋतूंतून फिरून आले असते. दिवाळी कधी पेरणीत आली असती, कधी भर उन्हाळ्यात. हिजरी सनात अधिक महिना नसतो, म्हणून रमजान सुमारे ३३ वर्षांत सगळे ऋतू फिरतो. निजामाच्या राज्यात शेतसाऱ्यासाठी फसली साल वेगळं ठेवावं लागलं, ते याच कारणानं. पीक सूर्याकडे पाहून येतं.

आश्चर्य असं, की खगोलाचं एवढं गणित घरात स्वयंपाकाच्या रूपानं राहिलं आहे. धोंड्याच्या महिन्यात लेक आणि जावई घरी येतात, पुरणाचे धोंडे होतात, जावयाला ३३ अनारसे देतात, त्यावर दिवा ठेवतात. ३३ का, तर मधले महिने साधारण तेवढे, असं सांगतात. ज्या आजीनं कधी पंचांग उघडलं नाही, तिनं ताटात अनारसे मोजून ठेवले की चंद्र-सूर्याचा ताळा जुळतो. अनारशाचं पीठ किती दिवस मुरवायचं, धोंडा उकडायचा की तळायचा, हे घरोघर वेगळं. ते कुठे लिहिलेलं नाही, सासूकडून सुनेकडे गेलेलं आहे. देऊळ जपायचं म्हणजे हेही जपायचं, नाहीतर उरेल ती नुसती इमारत.

याच जिल्ह्यात अंबाजोगाईला या न लिहिलेल्या रीतीच्या उलट टोकाची एक ठेव आहे. दासोपंत १५५१ साली जन्मले, १६१५ साली गेले. त्यांनी ‘पंचीकरण’ कागदावर लिहिलं नाही, कापडावर लिहिलं. ती पासोडी सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद, म्हणजे १६० चौरस फुटांची, आजच्या शहरातल्या मोठ्या खोलीएवढी. तिच्यावर जवळपास १,६०० ओव्या आणि वर आकृत्या. चौरस फुटाला दहा ओव्या. कापडाचे शत्रू किती तरी, वाळवी, ओल, उंदीर, ऊन. तरी चारशे वर्षं ते राहिलं, कारण ते देवघरातलं होतं. लोकांनी ते पोथी म्हणून सांभाळलं, वारसा हा शब्द तेव्हा कुणाच्या तोंडी नव्हता.

दासोपंतांचा ‘गीतार्णव’ तर मोजायलाच दम लागतो. परंपरा सव्वा लाख ओव्या सांगते. गीतेचे श्लोक ७००, म्हणजे एका श्लोकामागे जवळपास १७९ ओव्या. गावच्या सप्ताहात ज्ञानेश्वरीच्या सुमारे ९,००० ओव्यांचं पारायण सात दिवसांत होतं. त्याच चालीनं गीतार्णव वाचायला बसलं तर ९७ दिवस लागतील. आषाढीला सुरुवात केली तर दसरा उलटून जाईल. लिहिण्यासाठी त्यांना रोज ढब्बू पैशाची शाई लागे असं सांगतात. सव्वा लाखांचा आकडा पाहिला की ते पटतं.

म्हणून कुठल्याही देवळाच्या जीर्णोद्धाराच्या बातमीनं मला आनंद होतो आणि धाकधूकही वाटते. दगडावर ऑइलपेंट चढतो, शिलालेखावर फरशी बसते, जुनी वीट भरावात जाते. वीट काढताना तिला क्रमांक द्यावा, ती कुठल्या थरातली ते लिहून ठेवावं, दहा-वीस विटा तपासणीसाठी बाजूला काढाव्यात, एवढं तरी व्हायलाच हवं. आणि त्याच वहीत गावातल्या म्हाताऱ्या बायांना विचारून धोंड्याची रीत उतरवून घ्यावी. विटेची माती तपासायला यंत्र मिळेल, पण बाई गेली की तिची रीत कुणाला विचारणार?

अधिक महिन्यासारखाच क्षयमासही असतो. त्यात पंचांगातून एक महिना गळतो. तो १९६३-६४ला आला होता, १९८२-८३ला आला होता. आता थेट २१२३-२४ला, १४१ वर्षांनी. आज हयात असलेल्या बहुतेकांना तो दिसणार नाही. तोवर ताम्रपट ८१३ वर्षांचा झालेला असेल आणि पासोडी पाचशेच्या पुढे गेलेली असेल. त्या साली गळालेल्या महिन्याच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक, असे दोन अधिक महिने येतील. त्यांतल्या कुठल्या महिन्यात धोंडे करून गंगेला जायचं, हे दिंद्रुडच्या एखाद्या घरात तेव्हा कुणीतरी विचारील, आणि कुणालातरी ते सांगता यावं लागेल.