उंचीवर घाई नको

चंद्रपूर समुद्रसपाटीपासून जेमतेम २०० मीटर उंच. तरीही मे २०१८मध्ये ‘मिशन शौर्य’मधून जिल्ह्यातील आश्रमशाळांचे पाच विद्यार्थी एव्हरेस्टवर पोहोचले. त्यामागे अनेक महिन्यांचा सराव होता. विरळ हवेत प्रत्येक श्वासात प्राणवायू कमी मिळतो. शरीराला जुळवून घ्यायला काही दिवस लागतात.

पेरूतील इंका अवशेष पाहायला निघालेला पर्यटक मात्र विमानाने थेट ३,४०० मीटरवरील कुस्को शहरात उतरतो. माचू पिचू त्याहून सुमारे हजार मीटर खाली आहे. म्हणून पहिले दोन-तीन मुक्काम खालच्या उरुबांबा खोऱ्यात करावेत, कुस्को नंतर पाहावे.

डोकेदुखी, मळमळ असेल तर आणखी वर जाऊ नये. बसल्या जागी धाप लागली किंवा चालताना तोल जाऊ लागला, तर ताबडतोब खाली उतरावे. तब्येत धडधाकट आहे या भरवशावर थांबणे जिवावर बेतू शकते.