गर्भावस्थेत रक्तातील कोलेस्टेरॉल व मेद का वाढतात?

सातव्या-आठव्या महिन्यात काही कारणाने रक्ततपासणी होते आणि अहवालात कोलेस्टेरॉल व ट्रायग्लिसराइड यांच्या आकड्यांपुढे ‘जास्त’ अशी खूण आढळते. घरात काळजी पसरते. दूध, शेंगदाणे, अंडी ताटातून काढली जातात. आणि ज्या काळात गर्भवतीने पोटभर व सकस जेवणे आवश्यक, त्याच काळात ती अर्धपोटी राहू लागते. बहुतेक वेळा या भीतीला आधार नसतो.

अहवालावर छापलेली मर्यादा (एकूण कोलेस्टेरॉल २०० व ट्रायग्लिसराइड १५० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) गर्भवती नसलेल्या प्रौढांसाठी आहे. निरोगी गर्भावस्थेत शेवटच्या तिमाहीपर्यंत कोलेस्टेरॉल साधारणतः पाव ते निम्म्या पटीने वाढते. ट्रायग्लिसराइड तर दुप्पट-तिप्पट होते. गर्भधारणेपूर्वी १७० कोलेस्टेरॉल असलेल्या स्त्रीचे नवव्या महिन्यात २४० आढळले, तर ते अपेक्षितच होय.

याचे कारण असे. पहिल्या काही महिन्यांत मातेचे शरीर मेदाचा साठा करते. उत्तरार्धात वारेतून स्रवणाऱ्या संप्रेरकांमुळे इन्सुलिनचा प्रभाव मंदावतो, साठलेला मेद सुटा होतो आणि यकृत तो रक्तातून सर्वत्र पाठवू लागते. माता स्वतःच्या शक्तीसाठी मेद वापरते, जेणेकरून साखर बाळासाठी उरावी. कोलेस्टेरॉलचे कामही मोलाचे आहे: त्यापासूनच वार प्रोजेस्टेरॉन बनवते. हे संप्रेरक गर्भाशयाला शांत ठेवते. बाळाच्या प्रत्येक पेशीच्या आवरणाला आणि मेंदूच्या घडणीलाही कोलेस्टेरॉल लागते. सारांश, ही वाढ म्हणजे आजार नव्हे. बाळंतपणाची बेगमी आहे.

म्हणूनच नेहमीच्या प्रसूतिपूर्व तपासणीत कोलेस्टेरॉलचा समावेश नसतो. रक्तदाब, हिमोग्लोबिन, लघवी व रक्तातील साखर या तपासण्या मात्र चुकवू नयेत. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानांतर्गत दर महिन्याच्या ९ तारखेला शासकीय आरोग्य केंद्रांत दुसऱ्या व तिसऱ्या तिमाहीतील गर्भवतींची तपासणी विनामूल्य होते.

आहारात डाळी, दूध, पालेभाज्या, शेंगदाणे, चालत असल्यास अंडी व मासे असावेत. ‘दोन जिवांची’ म्हणून तुपाचा आग्रह नको आणि अहवालाच्या भीतीने उपवासही नको. वनस्पती तूप व पुनःपुन्हा तापवलेले तळणीचे तेल टाळावे.

काही स्त्रियांबाबत मात्र अधिक दक्षता हवी. मधुमेह, थायरॉइडचा विकार, पूर्वीपासून वाढलेले कोलेस्टेरॉल किंवा आई-वडील, भावंडांना कमी वयात हृदयविकार असल्यास डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगावे. कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिन गोळ्या चालू असतील, तर गर्भधारणेचा विचार करतानाच किंवा दिवस गेल्याचे कळताच डॉक्टरांना भेटावे. या गोळ्या बहुधा थांबवल्या जातात. ट्रायग्लिसराइड ५०० च्या पुढे असल्यास उपचारांचा विचार करावा लागतो. १००० च्या पुढे स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो. पोटाच्या वरच्या भागात पाठीपर्यंत जाणारी तीव्र वेदना व उलट्या होऊ लागल्यास पित्त समजून घरी थांबू नये. १०८ वर दूरध्वनी करून रुग्णालय गाठावे.

प्रसूतीनंतर ट्रायग्लिसराइड काही आठवड्यांतच उतरते. स्तनपानाने ते लवकर उतरते. कोलेस्टेरॉलला अधिक वेळ लागतो. फेरतपासणी सहा आठवड्यांपूर्वी करू नये, तीन महिन्यांनंतरचा आकडा अधिक विश्वासार्ह. तेव्हाही तो जास्तच राहिला, तर उपचार टाळू नयेत. डॉक्टरांकडे जाताना गर्भावस्थेतील अहवाल सोबत न्यावा.