रोजगार हमीचा कर: पन्नास वर्षांचा मागोवा

महाराष्ट्राची रोजगार हमी योजना करदात्यांच्या पैशावर उभी राहिली. 1972च्या दुष्काळात ती राज्यभर नेली गेली तेव्हा मुख्यमंत्री होते यवतमाळ जिल्ह्यातील, पुसदजवळच्या गहुलीचे वसंतराव नाईक. कल्पना मात्र विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांची; तिचा प्रयोग 1965मध्येच सांगली जिल्ह्यात झाला होता.

दुष्काळी कामे पाऊस पडला की बंद होतात. हमी दरवर्षीची, तेव्हा पैसाही दरवर्षी हवा. त्यासाठी 1 एप्रिल 1975पासून नोकरदार, वकील, डॉक्टर, व्यापारी यांच्यावर व्यवसाय कर बसला. जोडीला विक्रीकर आणि मोटार वाहन करावर अधिभार, ओलिताच्या जमिनीवर विशेष आकारणी. यातून जेवढा पैसा जमा होईल, तेवढीच रक्कम राज्य सरकारने आपल्या तिजोरीतून घालायची, अशी व्यवस्था होती. यवतमाळसारख्या कोरडवाहू कापूसपट्ट्यावर यातला थोडाच भार पडला. मुख्य भार उचलला शहरांनी. कर कशासाठी घेतला जातो हे एवढे उघड सांगितल्याची उदाहरणे आपल्याकडे फारशी नाहीत.

1977चा रोजगार हमी कायदा 26 जानेवारी 1979पासून अमलात आला आणि काम मागणे हा हक्क झाला. अर्ज केल्यावर 15 दिवसांत काम, नाहीतर बेकारभत्ता. नालाबांध, पाझर तलाव, रस्ते ही रोजगार हमीची कामे. 1990पासून फळबागाही त्यात आल्या. मस्टरवर बायकांची नावे मोठ्या संख्येने होती. खोट्या हजेरीच्या आणि अर्धवट कामांच्या तक्रारीही होत्याच.

खरी ढिलाई निधीत झाली. रोजगार हमीच्या नावाने वसूल झालेली सगळी रक्कम रोजगार हमी निधीत वळती होत नाही, असा आक्षेप महालेखापरीक्षकांनी घेतला. 2006मध्ये केंद्राची ग्रामीण रोजगार हमी योजना पहिल्या टप्प्यातील जिल्ह्यांत सुरू झाली. यवतमाळ त्यात होता. 100 दिवसांच्या मजुरीचा खर्च केंद्राकडे गेला, त्यापुढचे दिवस राज्याकडे राहिले. व्यवसाय कर मात्र चालूच राहिला. पगारपत्रकावर तो दिसतो, पण कशासाठी कापला जातो हे भरणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते.

राज्यघटनेने या कराला वर्षाला 250 रुपयांची मर्यादा घातली होती; 1988च्या साठाव्या दुरुस्तीने ती 2500 झाली आणि तिथेच थांबली. महिना 10 हजारांहून थोडे जास्त मिळवणारा पुरुष कर्मचारी आणि लाखो मिळवणारा अधिकारी, दोघेही महिन्याला 200 आणि फेब्रुवारीत 300 रुपये भरतात. कर वाढवायचाच असेल, तर आधी ही मर्यादा उत्पन्नाशी जोडावी आणि वसूल झालेला पैसा निधीत पुरता जमा करावा.