अंगठा आपला, कुलूपही आपलेच

दर रविवारी वस्तीतल्या विहारात आम्ही चार कार्यकर्ते लोकांचे अर्ज भरून देण्यास बसतो. शिष्यवृत्ती असो, रेशनकार्ड असो, आधारची झेरॉक्स लागतेच. मागच्या पावसाळ्यात एक मावशी रडतच आल्या. निराधार योजनेचे पैसे काढायला त्या एका केंद्रावर गेल्या होत्या. "अंगठा उमटला नाही, परत लावा," असे म्हणून केंद्रवाल्याने दोनदा अंगठा घेतला. हाती पैसे पडले एकदाच. पासबुक भरून आणले तेव्हा कळले, रक्कम दोनदा गेली आहे!

मावशींचा प्रश्न साधा होता : "बाबा, माझ्या अंगठ्याला राखण कोणाची?"

आधारच्या दप्तरी आपले नाव, जन्मतारीख, पत्ता, फोटो, दहा बोटांचे ठसे आणि दोन्ही बुबुळांची प्रतिमा असते. जात, धर्म, उत्पन्न व आजारपण यांची नोंद त्यात घेण्यास २०१६ च्या आधार कायद्याने मनाई आहे. आडनाव विचारून जात हुडकणारे आपण खूप पाहिले. म्हणून ही तरतूद मोलाची वाटते. बोटांचे ठसेही कोणाला देता येत नाहीत. अंगठा लावला की ठसा जुळतो की नाही, एवढेच आधारकडून कळते. शिवाय खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने दिला.

मग मावशी फसल्या कशा? ठसा मावशींचाच होता, तो जुळलाही. यंत्र माणूस ओळखते, त्यामागची लबाडी ओळखत नाही. तिथे आपणच जागे राहिले पाहिजे.

त्यासाठी आधारच्या संकेतस्थळावर सोयी आहेत, त्याही फुकट. एक, बोटांच्या ठशांना कुलूप लावता येते. मग कोणी कितीही अंगठा घेतला तरी व्यवहार होत नाही. मात्र रेशनला अंगठा लागतो, त्या दिवशी कुलूप उघडावे व काम झाल्यावर पुन्हा लावावे. दोन, बारापैकी शेवटचे चारच आकडे दिसतील असे कार्ड काढता येते. जिथे चालेल तिथे त्याचीच झेरॉक्स द्यावी. तीन, आपला आधार कुठल्या तारखेला वापरला गेला, याची गेल्या सहा महिन्यांची नोंद पाहता येते. या सोयींसाठी आपला मोबाईल नंबर आधारला जोडलेला हवा, आणि फोनवर आलेला ओटीपी कोणालाही सांगू नये. अडचण आल्यास १९४७ वर, आणि पैसे गेल्यास ताबडतोब १९३० वर फोन करून बँकेत लेखी तक्रार द्यावी. तक्रारीच्या प्रतीवर पोच घेण्यास विसरू नये.

मावशींबरोबर आम्ही बँकेत चार खेपा घातल्या, तेव्हा कुठे पैसे परत जमा झाले. आता त्यांची नववीतली नात मोबाईलवर कुलूप लावते-उघडते. अंगठा लावण्यापूर्वी मावशी आधी विचारतात, "किती रुपयांचा?" आणि पावती घेतल्याशिवाय उठत नाहीत.

सावकाराने कोऱ्या कागदावर अंगठा घेतला आणि जमीन गेली, हे आपल्या आजोबांच्या पिढीने भोगले. त्यांना वाचता येत नव्हते. आपल्या घरात आज शिकलेली मुले आहेत. या रविवारी त्यांनी आजी-आजोबांना जवळ बसवून एवढे एक काम करावे.