मोठा टायर, पंधरा मिलिमीटर

मंगळवेढ्याच्या काळ्या रानात पाऊस मुरला की गाडीच्या चाकावर चिखलाचे लेप चढत जातात. चाक आणि मडगार्डमधली जागा भरते आणि चाक फिरायचं थांबतं. त्यात शिवाररस्त्यावर गाडीचं पोट घासू लागलं, की मालकाला पहिला उपाय सुचतो तो मोठ्या टायरचा. बाकी गाडी आहे तशीच ठेवायची, फक्त टायर बदलायचे.

या इच्छेमागे पक्कं भौतिकशास्त्र आहे. खड्ड्याची कड मोठं चाक लहान चाकापेक्षा सहज चढतं; जुन्या लाकडी बैलगाडीची चाकं कमरेच्या वर जात ती काही हौस म्हणून नव्हे. शिवाय बोलेरोसारख्या गाडीचा मागचा एक्सल सलग असतो. स्प्रिंगा उंच केल्या तर बॉडी वर जाते, डिफरन्शियलचा गोळा जिथल्या तिथे राहतो. तो जमिनीपासून वर न्यायचा तर टायरच मोठा हवा.

किती वर? बोलेरोच्या टायरवर २१५/७५ आर १५ असं छापलेलं असतं : रुंदी २१५ मिलिमीटर, बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ७५ टक्के, रिम १५ इंची. म्हणजे पूर्ण व्यास ७०३.५ मिलिमीटर. त्याच रिमवर २३५/७५ चढवला तर व्यास ७३३.५ होतो. वाढ ३० मिलिमीटरची. पण एक्सल चाकाच्या मध्यावर, म्हणून तो उचलला जातो फक्त १५ मिलिमीटर. करंगळीच्या रुंदीएवढा.

या करंगळीची किंमत गाडीभर पसरते. स्पीडोमीटर चाकाचे फेरे मोजतो आणि त्यावरून वेग ठरवतो. परीघ सव्वाचार टक्क्यांनी वाढला की काटा ८० वर असताना गाडी आधीपेक्षा तीन-साडेतीन किलोमीटर जास्त वेगाने धावते. संयुक्त राष्ट्रांच्या ३९ क्रमांकाच्या नियमानुसार काट्याने खरा वेग कधीही कमी दाखवायचा नसतो, म्हणून कंपन्या तो थोडा चढाच ठेवतात. मोठा टायर नेमकी ती राखीव जागा खातो. १०,००० किलोमीटर धावलेली गाडी ९,६०० सुद्धा दाखवत नाही, सर्व्हिसिंग लांबतं. मायलेज पडल्याच्या तक्रारीतही थोडा वाटा या मोजणीचा असतो.

खरी परीक्षा तुळजापूरच्या घाटात. इंजिनाचा पीळ रस्त्यापर्यंत पोचताना चाकाच्या त्रिज्येने भागला जातो, त्यामुळे प्रत्येक गिअरचा जोर चार टक्क्यांनी उतरतो. भरलेली गाडी चढावर लवकर दम टाकते. उतारावर चिंता जास्त : ब्रेक तेच, पण चाकाची तरफ लांबलेली, म्हणून पायाच्या तेवढ्याच दाबाला थांबवणारं बलही चार टक्क्यांनी घटतं. टायरचं वाढलेलं वजन चाकाच्या अगदी कडेला असतं. ते फिरवायला आणि थांबवायलाही जास्त ऊर्जा लागते. दर्शनाला निघालेलं अख्खं कुटुंब गाडीत असताना हे चार टक्के किरकोळ नाहीत.

आणि ज्यासाठी एवढं केलं तो चिखल? टायर वर १५ आणि दोन्ही बाजूंना १० मिलिमीटर वाढला, तेवढी मडगार्डखालची मोकळी जागा गेली. चिकट काळी माती आता आधी अडकणार. म्हणूनच टायर घासतो का ते रिकाम्या गाडीत पाहून भागत नाही. माणसं बसवून, स्प्रिंगा दबल्यावर, स्टेअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून पाहावं लागतं. स्टेपनी जुन्याच मापाची ठेवली आणि ती मागे लावली, तर सरळ रस्त्यावरही डिफरन्शियलचे गिअर अखंड झिजत राहतात. भार वाहण्याची क्षमता मात्र वाढत नाही, कारण एक्सल, बेअरिंग आणि स्प्रिंगा जुन्याच.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलाला छेद देणारे बदल रोखतं. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते ठामपणे सांगितलं. म्हणून आधी गाडीच्या पुस्तिकेतली मान्य मापं पाहावीत. व्यासातला फरक तीन टक्क्यांच्या आत ठेवावा, असा टायरवाल्यांचा ठोकताळा आहे. २२५/७५ त्यात बसतो : व्यास दोन टक्क्यांनी वाढतो, एक्सल साडेसात मिलिमीटर उचलला जातो.

टायर कुठल्याही मापाचा असो, हवा सकाळी, टायर गार असतानाच मोजावी. तापमान दहा अंशांनी चढलं की दाब दीड-दोन पीएसआयने वाढतो. सोलापूरच्या मे महिन्यात भर दुपारी मोजून ‘जास्त’ हवा काढली, तर पहाटे तोच टायर कमी हवेवर निघतो.